मागची डावी सीट

नावडे गावात कुणाच्या गाडीचं स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, किंवा खाली काही खडखडायला लागलं, की तो किसन भोईरच्या गॅरेजात जातो. काम नीट झालं का, हे मात्र कुणी किसनला विचारत नाही. ते त्याच्या आईला विचारतात.

आईचं नाव बायजाबाई. वय सत्तरीच्या पुढे. नक्की किती, ते त्यांना ठाऊक नाही, आणि शाळेच्या दाखल्यात बघावं तर त्या शाळेत गेलेल्या नाहीत. किसन गेला. मी तिथे मास्तर होतो आणि तो माझ्याच वर्गात होता. बायजाबाईंना गाडी चालवता येत नाही. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावलेला नाही आणि बॉनेटखाली काय असतं याची त्यांना उत्सुकता नाही. त्या मागच्या डाव्या सीटवर बसतात, एवढंच त्यांचं काम.

पद्धत अशी. काम संपलं की किसन हात पुसतो आणि गॅरेजच्या मागच्या घराकडे तोंड करून म्हणतो, "आये, फेरी." बायजाबाई लुगडं सावरत बाहेर येतात, हातात पानाची चंची. सून उज्वला त्यांना सीटवर बसवते. एकदा बसल्या की त्या सरकत नाहीत. किसन गावदेवीच्या देवळापर्यंत जातो, वळतो आणि मराठी शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवरून परत येतो. हा स्पीडब्रेकर सरकारी नाही. तळोजा एमआयडीसीचे टँकर शाळेसमोरून भरधाव जायला लागले तेव्हा गावानं तो स्वतः घातला, आणि रागात घातल्यामुळे जरा उंच झाला. त्यावरून गाडी उतरली की बायजाबाई "हूं" म्हणतात. या हुंकाराचा अर्थ फक्त ऐकलं, असा असतो. निकाल नंतर. गॅरेजात परत आल्यावर त्या ओट्यावर बसतात, सावकाश पान लावतात, आणि पान तोंडात गेल्यावर, म्हणजे बोलणं सगळ्यात अवघड असतं तेव्हा, निकाल सांगतात.

"मागं डावीकरं ठोकतं."

किंवा, "पुढं कायतरी चावतं."

किंवा, "बरी हाय गारी."

गाडीला त्या गारी म्हणतात. सगळं जुनं गाव म्हणतं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर 'गाडी' लिहिलं, मुलांनी वहीत 'गाडी' उतरवलं, आणि घंटा झाल्यावर सगळी मुलं गारी बघायला पळाली.

"बरी हाय" आल्याशिवाय किसन किल्ली देत नाही. कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या लोकांना हे सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. एका गृहस्थांनी किसनला विचारलं होतं, "आजींचं क्वालिफिकेशन काय?"

किसन म्हणाला, "खुबा."

ते खरं होतं. आज ज्या जमिनीवर गोदाम उभं आहे तिथे भोईरांची भाजी असायची, भेंडी आणि तोंडली. ती वाशीच्या मार्केटला जायची पोपट नावाच्या टेम्पोवाल्याच्या टेम्पोतून, आणि भाजीच्या पाट्या घसरू नयेत म्हणून बायजाबाई मागे, डाव्या कडेला, त्यांना टेकून बसायच्या. टेम्पोच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचा जुडगा असतो, त्याला कमान म्हणतात. पोपटच्या कमानीतल्या काही पट्ट्या तुटलेल्या होत्या. त्या बदल म्हटलं की तो म्हणायचा, "भेंडी काय तक्रार करते काय?" बायजाबाईंनी तक्रार केली नाही. त्यांच्या डाव्या खुब्यानं नोंद घेतली. एका सकाळी वाशीला उतरताना त्या पोपटला म्हणाल्या, "आज आजून येक पट्टी गेली." पोपटनं वाकून पाहिलं. गेली होती. पुढे जमीन गेली, भेंडी गेली, पोपटनं टेम्पो विकला. बायजाबाईंकडे त्या धंद्यातला डावा खुबा तेवढा राहिला.

फेरीची सुरुवात मात्र किसनच्या हातून झालेल्या एका विसराळूपणातून झाली. कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजात काम शिकून त्यानं नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. दिवाळे गावात नात्यात हळद होती. दुरुस्त झालेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून तो आईला घेऊन निघाला आणि याला त्यानं ट्रायल असं नाव दिलं. बेलापूरच्या अलीकडे बायजाबाई म्हणाल्या, "माझ्या पाठीमागं कोन दार वाजवतं?" त्यानं गाडी बाजूला घेतली. मागच्या शॉकअपचा वरचा नट त्यानं हातानं फिरवून ठेवला होता आणि पान्यानं आवळायचा राहिला होता. हळदीला पोचेपर्यंत मटण संपलं होतं. बायजाबाईंनी हे त्याला अजून माफ केलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू झाली.

आता या सगळ्यात अडचण एकच होती. खुबा दुखत होता म्हणून त्यांना कळत होतं, आणि तो दिवसेंदिवस जास्त दुखत होता. आधी त्यांचं गावदेवीला चालत जाणं बंद झालं. मग खाली बसून भाजी निवडणं. मग त्या चहा उभ्यानं घ्यायला लागल्या, कारण बसलं की परत उठावं लागतं. उज्वला मला म्हणाली, "गुरुजी, रात्री कुशीवर वळताना त्या आधी माझं नाव घेतात, मग देवाचं." फेरी मात्र त्यांनी एकही चुकवली नाही.

शेवटी आम्ही त्यांना कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर होतो, कारण गाडी माझी होती. डॉक्टर तरुण आणि समजूतदार होते. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा सांधा किसनच्या हातात दिला. किसननं तो फिरवून पाहिला.

"बॉल जॉइंट," तो म्हणाला.

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

"प्ले आलाय. ढिला झालाय."

"हो. म्हणजे, तसंच."

"मंग ग्रीस मारा," बायजाबाई म्हणाल्या.

"आजी, ग्रीस मारायची वेळ गेली. बदलावा लागेल."

"बदलल्यावर दुखनार नाय?"

"अजिबात नाही."

"कायच कळनार नाय?"

"काहीच नाही. आपल्याला सांधा आहे हेच विसरून जाल तुम्ही."

डॉक्टरांना वाटलं, आपण चांगली बातमी दिली. बायजाबाईंनी चंची उचलली. "चल किसन."

आम्ही परत निघालो. कळंबोलीच्या पुलावर रस्त्याचे सांधे येतात. तिथे मागून "हूं" आलं. मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मना ठोकलंच नाय, तर उद्या तुला सांगंल कोन? यो मास्तर?"

मी गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर ऑपरेशनचा विषय निघाला की त्या देवाला कौल लावायचाय म्हणायच्या. कौल कधी लावला नाही. किसन म्हणायचा, "आये, मी स्टिअरिंगवर हात ठेवला की मना पन कळतं." त्या म्हणायच्या, "हां. दिवाळ्याच्या हळदीला कळलंता." किसन पाना उचलून गाडीखाली जायचा. मटण खरोखरच संपलं होतं.

मग पावसाळा आला आणि नावड्यातल्या सगळ्या गाड्या मागून डावीकडे ठोकायला लागल्या.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. रस्ते खराब होते, गॅरेजात गर्दी होती. बायजाबाई फेरी मारून यायच्या, पान लावायच्या, म्हणायच्या, "मागं डावीकरं." किसन डाव्या बाजूचा रबरी बुश काढायचा. बुश म्हणजे दोन लोखंडांमध्ये बसवलेला रबराचा गोल तुकडा. तो मेला की लोखंड लोखंडाला लागतं. किसन जुना काढून नवा घालायचा. संध्याकाळी परत फेरी. "आजून हाय." मग शॉकअप बघायचा. गाडी रात्री गॅरेजात राहायची आणि सकाळच्या फेरीला बायजाबाई म्हणायच्या, "थोरा बरा हाय." मालक तेवढ्यावर घेऊन जायचा.

दिवाळीच्या सुमाराला किसननं यामागचं शास्त्र शोधून काढलं. आपण गाडी डावीकडून चालवतो. डावीकडे गटार. गटाराची झाकणं खचलेली. म्हणजे डावं चाकच खड्ड्यात जाणार, आणि मागचं तर पुढच्याच्या मागोमाग जाणार. त्याचं म्हणणं कुणालाही पटण्यासारखं होतं. कॉलनीतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी त्याला रस्त्याच्या उताराचा मुद्दाही जोडून दिला. दोघांनी मिळून गटाराच्या झाकणांबद्दल पालिकेच्या माणसाला रस्त्यात गाठून चांगलं सुनावलं. झाकणं खरंच बदलली गेली. गाड्या डावीकडेच ठोकत राहिल्या.

माझ्या जुन्या गाडीचाही डावा बुश बदलला गेला, पुढे परत एकदा बदलला गेला. दुसऱ्या वेळी काढलेला बुश चांगला काळाभोर, तुकतुकीत होता. मी तो डिकीत टाकला. बायजाबाई "थोरा बरा हाय" म्हणाल्या आणि मलाही थोडं बरं वाटलं.

हे असंच चाललं असतं. पण रणजीतनं नवी गाडी घेतली.

रणजीत आमच्या सोसायटीतला, एमआयडीसीत नोकरीला असलेला तरुण. आमच्याकडे नवी गाडी आली की ती आधी गावदेवीला जाते. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं ठेवतात. मग गाडी किसनच्या गॅरेजासमोर थांबते आणि बायजाबाई शकुनाची एक फेरी मारतात. दुरुस्तीचा काही संबंध नसतो. त्या "बरी हाय" म्हणतात, त्यांना पेढा मिळतो. ही पद्धत कुणी पाडली ते सांगता येत नाही. मला वाटतं, पेढ्यामुळे पडली असावी.

त्या दिवशी रणजीतची आई पुढच्या सीटवर पेढ्यांचा पुडा घेऊन बसली होती. फेरी झाली. बायजाबाई ओट्यावर बसल्या. पान लावलं. रणजीतच्या आईनं पुड्याचा दोरा सोडायला घेतला.

"मागं डावीकरं ठोकतं," बायजाबाई म्हणाल्या.

दोरा अर्धा सुटलेला राहिला.

"आजी, गाडी आजच शोरूममधून आलीय," रणजीत म्हणाला.

"म्हनून सांगते. आजच परत ने."

रणजीतनं नेली. शोरूमवाल्यांनी गाडी वर उचलून पाहिली, काही सापडलं नाही, आणि त्यांनी रणजीतला गाडीत लावायची एक सुगंधी बाटली दिली. किसननं जॅक लावला, चाकं काढली, एकेक जोड हातानं हलवून पाहिला. काही नव्हतं. पण रणजीतच्या आईनं सांगून टाकलं की बायजाबाई बरी म्हणेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही. रणजीत रोज कामावरून येता येता गॅरेजासमोर थांबायचा, काच खाली करायचा आणि किसनकडे बघायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी किसन माझ्याकडे आला. मी सोसायटीच्या बाकावर पेपर वाचत होतो. तो शेजारी बसला. त्याच्या हाताला अजून ग्रीस होतं, म्हणजे काम अर्धवट टाकून आला होता.

"गुरुजी, त्या गाडीत कायच नाय."

"मग?"

"मंग काय. रस्ता बघितला. झाकनं बघितली. गाडी बघितली. आता राहिलं कोन?"

मी पेपराची घडी घातली. दोघांनाही उत्तर कळलं होतं आणि दोघांनाही ते आधी बोलायचं नव्हतं.

"उज्वला बोलली," तो म्हणाला. "सकाळी दुखन्याची गोळी घेतल्यावर आये जी गाडी पास करते, तीच गाडी ती संध्याकाळी नापास करते. मी बोललो, गप बस. मंग मी मोजायला बसलो नाय, पन तसंच हाय, गुरुजी."

"मग आईला सांग."

"काय सांगू? तुझा खुबा खोटं बोलतो? ती माज्यावर विश्वास ठेवून सांगते, मी तिच्यावर विश्वास ठेवून खोलतो. आता मी सांगितलं तर तिच्याकडं काय राहिलं?" त्यानं हात पँटला पुसले. "तुमी सांगा."

"मी का?"

"लोकांना त्यांच्या चुका सांगायची तुमाला सवय हाय."

"ती मुलांना सांगायची, किसन. आणि मुलांनीही कधी ऐकलं नाही."

"ते पन खरं," किसन म्हणाला.

मग त्यानं सरळ माणसं अशा वेळी करतात ते करायचं ठरवलं, म्हणजे खोटं बोलायचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गॅरेजात होतो, रणजीतही आला होता. किसननं डब्यातून एक जुना बुश काढला, रॉकेलनं पुसला आणि ओट्यावर बसलेल्या आईपुढे धरला.

"आये, मिळाला. रणजीतच्या गाडीतला. हाच होता."

बायजाबाईंनी तो बोटांत घेतला, दाबून पाहिला, नखानं खरवडला.

"गारी नवी, आनि बुश म्हातारा?"

"कंपनीनं जुना टाकला असंल."

"किसन, कानावरचा हात काढ."

किसननं हात खाली घेतला. खोटं बोलताना तो लहानपणापासून कान चोळतो. वर्गात मलाही हे माहीत होतं, पण त्या काळी मला वाटायचं की ही गोष्ट फक्त मास्तरांना ठाऊक असते.

"गारी काढ," बायजाबाई म्हणाल्या.

उज्वलानं त्यांना नेहमीच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मी पुढे बसलो. रणजीत शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. देवळापर्यंत गेलो, वळलो, स्पीडब्रेकर आला, गाडी चढली आणि उतरली.

"हूं," बायजाबाई म्हणाल्या. आणि लगेच, "थांब. मना उजवीकरं बसव."

इतक्या वर्षांत त्या उजवीकडे कधी बसल्या नव्हत्या. पण काय करतायत ते किसनला आणि मला कळलं. आवाज चाकाचा की आतल्या कशाचा, हे कळेनासं झालं की किसन डावं चाक उजवीकडे लावतो आणि उजवं डावीकडे. आवाज चाकाबरोबर सरकला तर दोष चाकाचा. सरकला नाही तर दोष आतला. बायजाबाई ओट्यावर पान लावता लावता हे वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या.

उज्वलानं त्यांना पलीकडच्या दारानं बसवलं. किसननं परत फेरी मारली. गाडी उतरली.

"डावीकरंच," त्या म्हणाल्या. "मना पुढं बसव."

मी मागे गेलो. परत फेरी. या वेळी किसननं इतक्या हळू चढवली की मागून एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. गाडी उतरली.

"डावीकरं."

त्या सरकल्या तसं ठोकणं त्यांच्याबरोबर सरकलं होतं. किसननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि तो समोर बघत होता. समोर काही नव्हतं. रिक्षावाला शेजारून गेला, जाताना आत डोकावून "काय आजी, झोपलात काय?" म्हणाला.

"उतरव," बायजाबाई म्हणाल्या.

उज्वलाचा हात धरून त्या खाली आल्या आणि चालत त्या स्पीडब्रेकरवर जाऊन उभ्या राहिल्या. गावानं रागात घातलेला तो उंचवटा. त्यावरून त्यांनी डावा पाय पुढे टाकला आणि खाली उतरल्या.

"हितं पन ठोकतं," त्या म्हणाल्या.

निकाल सांगायचा त्यांचा आवाज असतो तोच. त्यात काही कमी नव्हतं, जास्त नव्हतं. मग त्या फाटकाशी उभ्या असलेल्या रणजीतकडे वळल्या. "बरी हाय गारी. आईला बसव."

रणजीत फोन काढत बाजूला गेला. बायजाबाईंनी किसनला बाहेर बोलावलं नाही, त्या स्वतः दोन पावलं चालून खिडकीपाशी आल्या.

"कवापासून?"

"पावसाळ्यापासून, आये."

"सगल्या?"

"सगळ्या."

"आनि तू खोलल्यास?"

"खोलल्या."

"माज्या सांगन्यावर?"

"हां."

त्यांनी विचार केला. चंची या हातातून त्या हातात घेतली. "मंग येक राह्यली. ती पन खोलून टाक."

उज्वला शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर पोषण आहाराचा तक्ता रंगवलेला आहे. सोमवारी काय, मंगळवारी काय. तिनं तो पुष्कळ वेळ वाचला.

ऑपरेशन नीट झालं. किसन काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला नेहमी परत देतो, त्यामुळे बायजाबाईंनी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांकडे जुना सांधा मागितला. डॉक्टर म्हणाले, तो देता येत नाही. "मंग बदलला का नाय, मना कसं कळनार?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. तो त्यांनी किसनला उजेडाकडे धरायला लावला आणि किसन "नवा हाय, आये" म्हणाला तेव्हा त्यांचं समाधान झालं. किसनचे हात त्या वेळी एक्स-रेवर होते, कानावर नव्हते.

घरी आल्यावर आधी वॉकर, मग काठी. दुखणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, आणि बायजाबाईंना ज्याची भीती होती तेही तसंच झालं. जिने चढायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात किसननं घराकडे तोंड करून म्हटलं, "आये, फेरी." गाडी माझी होती. त्या मागच्या डाव्या सीटवर बसल्या. देऊळ, वळण, स्पीडब्रेकर. "हूं" आलं नाही. किसन आरशातून बघत होता. ओट्यावर परत आल्यावर त्यांनी पान लावलं नाही.

"कायच नाय," त्या म्हणाल्या.

"कायच नाय म्हंजे, गाडी बरी?"

"गारीचं मना ठाव नाय. मना कायच नाय."

त्यानंतर किसननं फेरी पुकारली नाही. काम झालं की तो स्वतः एक चक्कर मारायचा आणि किल्ली द्यायचा. गिऱ्हाइकं किल्ली घ्यायची, पण निघायची नाहीत. घराच्या दाराकडे बघत उगाच उभी राहायची, आरसा पुसायची. गावातल्या अर्ध्या गाड्यांचे डावे बुश अजून नवेकोरे होते, तरी लोकांना कसली तरी खात्री हवी होती. बायजाबाई आत टीव्ही लावून बसायच्या. उज्वला म्हणाली, टीव्ही चालू असतो, त्या बघत नाहीत.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्यामुळे त्या सकाळी काठी घेऊन शाळेपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. एका सकाळी मी बँकेतून येताना स्पीडब्रेकर ओलांडला आणि माझ्या काचेवर काठी वाजली. बायजाबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"मास्तर, मागं घ्या. परत आना."

मी मागे घेतली. परत आणली.

"आजून येकदा."

मी आणखी एकदा आणली. शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि मुलं फाटकाला लटकून हा प्रकार बघत होती. त्यांच्यातल्या काहींच्या वडलांना मी शिकवलेलं आहे.

"तुमचं मागलं उजवं चाक नाचतं," बायजाबाई म्हणाल्या.

"नाचतं म्हणजे?"

"बाकीची चाकं उतरतात आनि गप बसतात. ह्यो उतरल्यावर परत परत वर उरतो. आत बसून कलत नाय." त्या चाकाकडे बघत होत्या. "मी येवरी वर्सं आतच बसले. भाईरून बघितलीच नाय कदी. हितवर चालत यायला कोनाला जमत व्हतं?"

किसननं उजवं चाक काढलं. त्या बाजूच्या शॉकअपमधून तेल गळून तो कोरडा झाला होता. बरेच महिने झाले असावेत. त्या सगळ्या महिन्यांत आम्ही डावी बाजू खोलत होतो. किसन म्हणाला, "सॉरी, गुरुजी." मी म्हणालो, झाकणं तरी बदलली गेली.

आता पद्धत अशी. काम संपलं की किसन हात पुसतो आणि हाक मारतो. बायजाबाई काठी घेऊन पुढे चालत जातात, गाडी त्यांच्या मागून त्यांच्या चालीनं येते. गाडीला वाटेत कुणी ओव्हरटेक केलं तर त्या काठी आडवी धरतात. शाळेच्या फाटकाशी किसननं त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. "बसायचं व्हतं तं ऑपरेशन कशाला केलं?" असं म्हणून त्यांनी तिच्यावर चंची ठेवली. ती जागा आता चंचीची आहे. गाडी चढते, उतरते, त्या वाकून चाकांकडे बघतात आणि निकाल तिथल्या तिथे, पान न लावता सांगतात. एमआयडीसीचे टँकरही त्या सोडत नाहीत. काठी उंचावून थांबवतात आणि ड्रायव्हरला त्याच्या कमानीची कोणती पट्टी गेली ते सांगतात. ड्रायव्हर बहुतेक परप्रांतातले असतात, त्यांना आगरी समजत नाही, पण ते उतरून बघतात. शाळेसमोरून टँकर आता फार हळू जातात. गावानं जे स्पीडब्रेकर घालून साधलं नव्हतं, ते साधलं.

नवा शॉकअप घातल्यावर माझ्या गाडीची फेरी झाली. मी स्वतः चालवत होतो. ब्रेकरवरून उतरलो, थांबलो, काच खाली केली. बायजाबाईंनी चारी चाकांकडे बघून घेतलं.

"बरी हाय गारी," त्या म्हणाल्या. "तुमी ब्रेक उशिरा मारता, मास्तर. पोपट पन असाच मारायचा."

मी "हूं" म्हणालो.